हिंटचा दिवा

हेमांगी गांगुर्डे, क्वालिटी, अंबड एमआयडीसी.
दिवसभर बेअरिंगवरचे ओरखडे शोधते,
रात्री सिडकोतल्या गॅलरीत
मोबाइलवर कात्री, घुबड, सात पिसं.

गोष्ट यथातथाच. सरदाराची मुलगी पुन्हा हरवलीय,
भुयाराचं दार अर्ध्या चंद्रावाचून अडलंय,
आणि पडद्याच्या नक्षीत नक्षी होऊन बसलेली कात्री
कुणाच्या बापाला दिसणार!
उगाच बोटं आपटली तर स्क्रीन रुसते.

तरी एक बरं:
यादीत आहे ते चित्रात असतंच.

परवा शालिमारला तिचा एक झुमका पडला.
चपला, द्राक्षांचे देठ, बसचं तिकीट.
ना यादी,
ना कोपऱ्यात हळूहळू भरणारा हिंटचा दिवा.

केळीवाला म्हणाला, "काय हरवलं, ताई?"
आणि गाडी सोडून
तोही वाकला.