उपसर्ग मागून येतो

शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
गायधनी बाईंचा संध्याकाळचा जर्मनचा वर्ग.
अंबडच्या कारखान्यातले विसपुते विचारतात,
मुलगी नपुंसकलिंगी कशी काय?
आपण नाही का म्हणत, बाई म्हणतात, पोरगं गोड आहे?
विसपुते लिहून घेतात. पटलेलं नसतं.

मग फळ्यावर: एर कोम्ट इन नाशिक
आणि खडू थांबतो.
इथवर काही सांगता येत नाही.
शेवटी आन आलं, तर तो पोहोचला.
उम आलं, तर मेला.
क्रियापद आधीच बोलून बसलंय,
उपसर्ग येतोय मागून, अख्खं वाक्य ओलांडून.

मी वहीत लिहायचं विसरतो.

पंचवटीतल्या माझ्या खोलीत पाच जुनी मशीनं
दर सेकंदाला एकमेकांना हाक मारतात.
प्रबंधाचं चौथं वर्ष, प्रश्न तोच:
एकाची ओ आली नाही,
म्हणजे ते बंद पडलं, की ओ वाटेत आहे?
बाकीच्या चौघांना दोन्ही सारखंच.
मी मुदत लिहिली आहे, तीन सेकंद.
तीनच का, असं गाइडनं विचारलं
तेव्हा मी पंख्याकडे बघितलं.

काल एक परत आलं, चाळीस सेकंदांनी,
केलेलं काम हातात घेऊन.
त्याची वाटणी केव्हाच झाली होती.

विसपुते तीन आठवडे आलेले नाहीत.
फोन वाजत राहतो.
बाई हजेरीत त्यांच्या नावापाशी थबकतात,
रेघ मारत नाहीत,
चौकोन कोरा ठेवून
पुढचं नाव घेतात. माझं.