पातळ

जळगावहून रिपोर्ट आला. पिशवीचं अस्तर जाड झालंय,
कॅन्सर नाही.
'अजून' हा शब्द वारके डॉक्टरीण बोलल्या नाहीत,
मीच ऐकला.

आमच्या फैजपुरात बायका म्हणतात,
तांबीनंच होतो तो रोग.
कुमुदवन्संनी तर कधी बसवलीच नव्हती.
दोन वर्षं रात्री फडकी धूत राहिल्या,
न्हाणीतला दिवा न लावता.

ही तांब्याची नाही, डॉक्टरीण म्हणाल्या,
हिच्यातून औषध झिरपतं, अस्तर पातळ ठेवतं.
धोका कमी होतो, संपत नाही.
सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा काढून तपासू.

पातळ मला कळतं.
वीस वर्षं लग्नाघरी मांडे करते.
कोपरापर्यंत ओढायचा, उलट्या खापरावर टाकायचा,
आरपार हात दिसावा
आणि फाटू नये.
जाड राहिला की आत काय चाललंय
कळत नाही.

टेबलावर पाय वर, नजर पंख्यावर.
पंख्याला जळमट होतं.
एक कळ. झालं.

संध्याकाळी नेहेतेबाई आल्या.
बसवलीस? दुखलं?
मी म्हटलं, थोडं.
तुमचं किती दिवस चालतं हो हल्ली?

त्या रिकाम्या कपाची कड
पदरानं पुसत राहिल्या.