जात पडताळणी

सेरेंगेटीत मी कोल्हा पाहिला होता.
वहीत नोंद आहे: सकाळी सहा चाळीस,
गाडीच्या डाव्या अंगाला, एकटा,
तोंडात पिसांचं काहीतरी.
खाली बारीक अक्षरात: अगदी आपल्या खानगाव थडीचा.

चार वर्षांनी, नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावर,
दुर्बिणीची काच सदऱ्याच्या टोकाला पुसत
विसपुते सर म्हणाले,
अहो, तो तुमचा कोल्हा लांडगा निघाला.

निघाला म्हणजे?
म्हणजे होताच तो. रक्ताची जुळणी केली लोकांनी.
रूप कोल्ह्याचं, नातं लांडग्याकडचं.
आपला इथला मात्र कोल्हाच राहिला.
मग त्यांनी माझं अभिनंदन केलं, मनापासून,
कारण यादीत माझा एक प्राणी वाढला होता
बसल्या जागी, चपलेला धूळ न लागता.

खाली पाण्यात चमचे चिखल ढवळत होते.
सर रंगात आले. जिराफ एक की चार,
यावर नुसती मारामारी आहे म्हणाले,
कुणी आठही मोजलेत. हत्तीचे तर दोन झालेच.
मी हं हं करत होतो.
मला शाईचा वास येत होता.

नोकरीची शेवटची अकरा वर्षं
मी पडताळणीच्या कार्यालयात काढली.
पणजोबाचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल,
मोडीतलं एक अक्षर, बाकीच्यांहून जरा काळं.
खाडाखोड दिसली की लाल पेन्सिलीने गोल करायचो.
आमच्यात एक कोल्हे होते, दोन लांडगे,
त्यावर रोज तोच विनोद, रोज तोच चहा.

आणि टेबलापलीकडे माणसं.
देव कोणता? लग्नात हळद कोण लावतं?
मेलेल्याला पुरता की जाळता?
पेठकडची एक मुलगी, प्रवेशाला तीन दिवस उरलेले.
तिचे वडील, सोमा भोये,
प्रत्येक प्रश्न दोनदा ऐकून घ्यायचे
आणि देवाचं नाव इतकं हळू सांगायचे
की तो आत कुठेतरी झोपला असावा.
मी लिहिलं: उत्तर अस्पष्ट.
तिच्या फायलीचं पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे.
इथे लिहीत नाही.

सेरेंगेटीच्या पानावर कोल्हा अजून तसाच आहे.
सर दोनदा म्हणाले, दुरुस्त करा की.

फेब्रुवारीत दौलत गायख्यांच्या बागेत गेलो.
थॉमसनचे खालचे घड कुणीतरी खाऊन जात होतं.
कोल्हाच, ते म्हणाले, पण गडी हुशार.
साखर अठराच्या वर गेल्याशिवाय तोंड लावत नाही.
आम्हाला मीटर लागतो.

आंबट म्हणून नाक मुरडणारा तो गोष्टीतला,
तो मुळात कोल्हा नव्हताच,
परमुलखातलं खोकड होतं ते.
मराठीत येताना त्याची जात बदलली,
कुणी हरकत घेतली नाही, कुणी कागद मागितला नाही,
आणि बदनामी तेवढी ह्याच्या नावावर चढली.

निफाडची थंडी हाडात शिरते.
कांबळं पांघरून वेलींखाली बसून राहिलो.
एकाच्या सुमाराला तो आला.
मागच्या पायांवर उभा राहिला, मान लांब केली,
घडाच्या टोकाचे चारच मणी
ओठांनी काढले, जवळजवळ सभ्यपणे.

मी बॅटरी लावली.
त्याने चावणं थांबवलं
आणि माझ्याकडे बघत उभा राहिला,
नाव पुकारून आत बोलावल्यासारखा.

मी बॅटरी विझवली.
मग बराच वेळ अंधारात
मणी फुटल्याचा आवाज येत होता,
एक, मग जरा थांबून
आणखी एक.