तडा

मडगावात आमचं घड्याळांचं दुकान,
कधीमधी स्प्रिंग तुटलेला ग्रामोफोनही यायचा.
असोळण्याचा रुझार बार्रेत आला तो टोपली घेऊन.
वर केळीचं पान. मला वाटलं बांगडे.
निघाली एक काळी तबकडी.

गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर दोन सिगारेट पाकिटांना घेतलेली.
लेबल अर्धं उडालेलं. बाईचं नाव गेलं,
उरलं एवढंच : आणि तिचे पाच जण.

वडिलांनी भिंग लावलं.
काठापासून आतपर्यंत केसाएवढा तडा.
म्हणाले, "लोक टिकटिक बंद पडली म्हणून येतात,
तुम्ही चालू आहे म्हणून आलात."
पैसे घेतले नाहीत.

रुझार पाद्रीच्या शाळेत सोल्फ शिकलेला.
त्यानं सगळं कागदावर उतरवलं :
पियानो, दोन सॅक्सोफोन, बाईचा खरखरीत गळा,
आणि दर फेऱ्याला येणारा तो टक्,
ढोलवाल्या मिंगेलसाठी वेगळ्या ओळीत.
टक् ठेक्यात बसेना.
मग त्यांनी ठेकाच जरा सरकवला.

इंग्रजी कुणाला येत होतं?
कडव्याच्या शेवटी बाई काहीतरी म्हणे,
ते असोळण्याच्या बायकांनी ऐकलं : आयलो ना.
नवरे बोटींवर. दुसरं काय ऐकू येणार?
लग्नातही तेच, नवरदेव समोर केक कापत असताना,
आयलो ना, आयलो ना, आणि सगळे नाचतायत.
रुझारच्या मयताला तेच वाजलं, साळच्या काठानं, अर्ध्या लयीत.
मिंगेल म्हातारा झाला होता,
पण टक् चुकला नाही.

परवा रुझारची नात आली, लिबेराता.
मोबाइलवर तेच गाणं, धुऊन पुसून स्वच्छ.
बाईचं नाव सापडलं होतं. ते मी दोनदा म्हणून पाहिलं.
कपडे धुण्याच्या कारखान्यात होती,
इस्त्रीचं यंत्र आदळायचं, त्यावर तिनं चाल बांधली,
मालकाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.
आणि 'आयलो ना' म्हणजे
कुठल्याशा रेल्वे स्टेशनाचं नाव.

लिबेराता हसली, मग हसायची थांबली.
आम्ही पुन्हा लावलं.
जिथे टक् यायला हवा तिथे काहीच आलं नाही,
जिन्याची एक पायरी नसावी तसं.
दुसऱ्या फेऱ्याला
माझं बोट काउंटरच्या काचेवर वाजलं,
तिसऱ्याला तिचंही.

भिंतीवरची घड्याळं
आपापल्या वेळा दाखवत चालली होती.