संध्याकाळपर्यंत

फादर एलायसनी बारा नावं वाचली,
अकरावं माझं.
मार्सेलीन घोन्साल्विस, कळवा.
शवागार त्यांनी वाचलं नाही,
बाकांनी ऐकलं.

पवित्र गुरुवारी दुपारी मी पाय घासले:
एकदा साबणानं, एकदा वजरीनं,
मग मीठ घालून कोमट पाण्यात तासभर.
नंतर कळलं, बाराहीजण घरून पाय धुऊनच आले होते.
पतपेढीतला ग्रेगरी तर पावडर लावून.
धुवायला काही उरलेलं नाही
अशा पायांपुढे फादर गुडघे टेकत गेले,
आणि त्यांचे गुडघे कटकट वाजले
अकरा वेळा, माझ्यापर्यंत.

मोशेच्या नियमात लिहिलंय:
मेलेल्याला शिवेल तो सात दिवस अशुद्ध.
तिसऱ्या दिवशी पाणी, सातव्या दिवशी पाणी,
त्यात तांबड्या कालवडीची राख,
शिंपडायला एजोबाची जुडी.
कपडे धुवावेत, अंग धुवावं,
संध्याकाळी शुद्ध.
मी हिशेब करून पाहिला.
अठरा वर्षं, आठवड्याला पाच-सहा.
माझा सातवा दिवस
उजाडलेलाच नाही.

काम मला सरकारनं दिलं,
शिकवलं मात्र खारकर आळीतल्या सेरा मावशी तळकरनं.
त्यांच्यात बायांना बायाच धुतात.
उजवी बाजू आधी, ती म्हणायची,
अंगावरून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही,
आणि धार तुटू द्यायची नाही, पोरी.
एक बादली संपायच्या आत दुसरी ओतायला लाग,
दुसरीच्या आत तिसरी.
शेवटी माफी माग, नाव घेऊन.
नाव माहीत नसेल तर?
मग म्हण, आदामाच्या लेका.

ती गेली तेव्हा तिच्यातल्या दोघीच उरल्या होत्या ठाण्यात,
बाकीच्या केव्हाच इस्राएलला.
तिसऱ्या बादलीला हात नव्हता.
त्यांनी एकमेकींकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.

फादरांची धार तुटली.
उजव्या पायावर ओतलं, थांबले, पुसलं,
मग डावा.
मी मनात म्हटलं, तुटली,
आणि लाजले.
टाचेच्या भेगांत फिनाईल मुरलंय, ते मिठानं जात नाही.
त्यांना वास आला असणार.
त्यांनी ओठ टेकले तरी.
मी हात पदराखाली घेतले.
पेत्र म्हणाला होता ना, नुसते पायच नको,
हात पण, डोकं पण.
लोक त्याला उतावळा म्हणतात.
मला वाटतं,
त्याच्या हाताला माशांचा वास होता.

शुक्रवारी तीनला सगळे क्रुसाच्या वाटेवर,
मी कामावर.
रेतीबंदरापाशी खाडीत सापडलेला एक,
पंचनामा सकाळी झाला, चिरफाड दुपारी,
शिवण जाडी, पोत्यासारखी.
कानात गाळ. बंद मुठीत तिवराचं पान,
डॉक्टरांनी ते तसंच राहू दिलं होतं.
नळ गेलेला. टाकीचं पाणी,
वाहतं नव्हे, आभाळातलं नव्हे,
मावशी, चालवून घे.
तीन बादल्या, हात दोनच.
वॉर्डबॉय सुभानला हाक मारली.
त्याच्यातही मय्यताला आंघोळ असते;
काही न विचारता त्यानं तिसरी उचलली.
धार तुटली नाही.
आदामाच्या लेका, मी म्हटलं,
उशीर झाला, माफ कर.

त्यालाही त्या दिवशी घाईघाईत ठेवलं होतं,
संध्याकाळ उतरत होती म्हणून.
राहिलेलं काम करायला
रविवारी पहाटे बाया निघाल्या,
हातात सुगंधी मसाले,
धोंड कोण सरकवेल म्हणत.
माझ्याच खात्यातल्या.
वाटेत त्यांना कुणी म्हटलं नाही,
आधी शुद्ध होऊन या.

मी हात धुतले, कोपरापर्यंत.
बाहेर खाडीवर ऊन मऊ पडलं होतं.
मावशीच्या मोजणीत
दिवस संध्याकाळीच सुरू होतो.
टॉवेल खिळ्याला होता.
मी घेतला नाही,
हात तसेच पुढे धरून
दारात उभी राहिले.