सफरचंदासारखं बसा

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
पंखा बंद करून बसवतात मला.
पंखा लावला की कागद उडतात,
माझा पदर हलतो,
आणि पदर हलला की पंधरा पोरांची सकाळ वाया.

तासाला दीडशे. मध्ये चहा.
बावीस वर्षं झाली, हलले नाही.

काळसेकर सर दर बॅचला तेच सांगतात :
फ्रान्सात एक चित्रकार होता,
बापाची बँक, पोरानं वकील व्हावं म्हणून बाप अडून बसलेला,
आणि हा टेबलावर सफरचंदं मांडून बसायचा.
हात इतका सावकाश
की चित्र व्हायच्या आधी फळं नासायची.
माणूस समोर बसवला तर त्यालाही दम :
सफरचंदासारखं बसा. सफरचंद हलतं का?

पोरं हसतात.
मी हसत नाही. हसले तर तोंड हललं.

आमच्यात सफरचंद आजाऱ्यालाच.
ससूनच्या सत्तावीस नंबरात
आमच्या मालकांच्या उशाशी दोन होती, पिशवीत.
एक कापलं, एक राहिलं.
ते राहिलेलं मग कितीतरी दिवस
माझ्या डोळ्यांपुढं बसून होतं,
न हलता.

एकदा चहाच्या वेळी विचारलं,
सर, त्याची बायको पण बसायची का हो?
बसायची म्हणाले. वर्षानुवर्षं.
नाव काय तिचं?
सरांना आठवेना.
पुस्तक काढलं, चष्मा कपाळावर चढवला, तेव्हा सापडलं :
ओर्तांस.
माझ्या जिभेवर ते बसेना, म्हणून ओर्ताबाई.
चित्र दाखवलं. लाल खुर्ची, पट्ट्यापट्ट्यांचा घागरा,
तोंड असं की गॅस संपलाय आणि सांगायचं कुणाला.
लोक म्हणे नावं ठेवायचे, बाई रुसकी आहे.
रुसकी कसली.
कळ आलीय तिच्या पाठीत, डाव्या अंगाला.
मला दिसतं.

एकच डोंगर काढत राहिला म्हणे तो,
म्हातारा झाला तरी तोच डोंगर.
डोंगर काही संपेना.
मग एक दिवस उघड्यावर चित्र काढताना पावसात सापडला,
भिजला, रस्त्यात कोसळला,
आठवड्याभरात गेला.
इथं सर दर वर्षी थांबतात,
खिडकी लावायला जातात.
खिडकी लावलेलीच असते.

मी मनात म्हणते, ओर्ताबाई,
त्या डोंगराची पाठ दुखली असेल का गं?

यंदाची ती तुपेंची वृषाली, हडपसरची.
तिनं माझा सगळा ऐवज काढला,
नाकातली चमकी, मानेवरचा डाग, चपलेचा तुटका अंगठासुद्धा.
फक्त उजव्या हाताच्या जागी कोरा कॅनव्हास.
म्हटलं, अगं, हात?
म्हणाली, मावशी, तिथला रंग अजून कळला नाही.
चुकीचा लावला
तर सगळं चित्र पहिल्यापासून काढावं लागेल.
सर मागं उभे होते. काही बोलले नाहीत.

मी हात बघितला.
सहा ते नऊ तीन घरची भांडी,
मग इथं मांडीवर, पालथा.
खरंच, मलाही सांगता आला नसता.

माझं घर पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहतीत.
टेकडीवर राहणाऱ्याला टेकडी दिसत नाही.
ती या पोरांच्या चित्रांत दिसते,
दांडेकर पुलाच्या बाजूनं काढलेली :
वर देऊळ, मधे हिरवं काहीतरी,
आणि खाली आम्ही.
घरं नाहीतच, नुसते चौकोनी फटकारे,
निळे, गंजके, राखाडी,
एकमेकांना टेकलेले,
घसरत कसे नाहीत देव जाणे.

काल एका फटकाऱ्यावर बोट ठेवून म्हटलं,
हे माझं घर.
पोरगं म्हणालं, मावशी, घर नाही ते,
सावली आहे.

असू दे.
सावलीत पत्रा तापत नाही.