उजव्या डोळ्याची कडी

दुर्बीण महूच्या बाजारातली,
कोण्या सुभेदाराच्या ट्रंकेतून निघालेली,
अंगावर रशियन अक्षरं.
कुमुद बुळेनं घासाघीस करून साडेचारशेला घेतली
आणि परतीच्या बसमध्ये
कंडक्टरच्या कानातले केस मोजले.

वजन म्हणाल तर किलोभर बटाटे.
मूळ पट्टा बुरशीनं खाल्ला, तेव्हा तिनं
शाळेच्या बँडमधल्या ढोलाचा पट्टा काढून लावला,
पांढरा, रुंद, त्यावर अजून
नववी ब मधल्या कुणाचं तरी शाईचं बोट.
शिट्टीही तिथंच अडकवलेली.
तळ्यावर वाजवायची नाही, नुसती असू दे, म्हणायची,
पीटीच्या बाईला गळा मोकळा सोसत नाही.

बाकी सामान:
नवारीचं घडीचं स्टूल, ज्याचा एक पाय
सिरपूरच्या चिखलात नेहमी बाकीच्यांच्या आधी जातो.
थर्मास, झाकणाला पोचा.
फिल्मच्या रोलची काळी डबी, आत जिरावण,
कारण सकाळी सहाला धार रोडवरचा भिया
पोहे भरभरून देतो, जिरावणाला मात्र हात आखडतो.
आणि वही. तिच्यात कुमुदचं अक्षर,
कवायतीला उभं केल्यासारखं:
थापट्या चौदा. चक्रवाक दोन. कोण जाणे, एक.
कोण जाणे हा पक्षी आम्हाला
सगळ्यात जास्त वेळा दिसला.

नागपूरला मुलाकडे कायमची गेली तेव्हा
स्टेशनवर, सामान चढवून झाल्यावर,
जिंकलेल्या पोरीच्या गळ्यात पदक घालायची तशी
दुर्बीण माझ्या गळ्यात घातली.
वाक म्हणाली. मी वाकले.

उजव्या भिंगाशी एक बारीक कडी असते.
ज्यानं त्यानं आपापल्या डोळ्याला लावून घ्यायची.
तिची कडी तिच्या खुणेवर,
खुणेला नेलपॉलिशचा लाल ठिपका
(आयुष्यात नखांना कधी न लावलेलं).
त्याला हात लागला की ओरडायची,
बगळेसुद्धा रांग मोडायचे.

मी पाहायला गेले तर
डाव्या डोळ्यात टिबुकली,
उजव्या डोळ्यात टिबुकलीची अफवा.

मग उजवा डोळा मिटून पाहायला लागले.
दोन हिवाळे.
एका डोळ्यानं अंतर कळत नाही.
कमळपक्षी पानावरून चालतोय
की पलीकडच्या नव्या इमारतीच्या गच्चीवरून,
काही सांगता येत नाही.
गालाच्या स्नायूला रग लागायची.
पोटे नावाचा एक तरुण मुलगा येतो तिथं,
गळ्यात हलकीफुलकी जपानी दुर्बीण,
तो म्हणाला, काकू, डोळ्याला काही झालंय का?
म्हटलं, माझ्या नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन.
मोतीबिंदू झाला, दोन्हीकडचा, आता भिंगं नवी.
अगं, समोरच्या कडुनिंबाचं पान न पान सुटं दिसतंय,
आणि घरात केवढी जळमटं, सून काही बोलली नव्हती!
मग जरा थांबून,
दुर्बिणीतून नीट दिसतं ना तुला?
दिसतं की.
कडी फिरवलीस ना?
मी थर्मासचं झाकण उघडत बसले.
अगं वेडे, ती म्हणाली,
त्या नंबराचा डोळा
आता माझ्यापाशीसुद्धा नाही.

रविवारी फिरवली.
आधी हलेना, धुळीनं धरलेली,
खोबरेल तेलाचा थेंब सोडला, पोहे संपेपर्यंत थांबले.
मग कट्ट झालं.
पावइंचसुद्धा नाही.
आणि दोन तळी सरकत सरकत एकावर एक आली,
मधोमध एक थापट्या,
फावड्यासारख्या चोचीतून पाणी गाळत,
इतका जवळ, की मी पाय मागे घेतला.

लाल ठिपका आता बाजूला कुठंतरी,
कशाचीच खूण नसलेला.

वहीत आकडा लिहिला.
शिट्टी ओठांत धरली. वाजवली नाही.
पितळ गार होतं,
आणि जरा जिरावणाची चव.